उपवास-प्रार्थनेतले ‘संदेश’ आणि प्रीती: तुमच्या मंडळीत तोल कसा राखता?

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना सलाम.

आमची मंडळी (चर्च) मिशनच्या काळातली. रविवारची उपासना, महिन्यातून एकदा प्रभुभोजन, बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, अशी जुनी घडी. काही वर्षांपूर्वी शुक्रवारची उपवास-प्रार्थना सुरू झाली. तिच्यामुळे मंडळीत जीव आला, हे आधीच सांगते. रविवारी मागच्या बाकावर मोबाईल बघत बसणारी मुलं शुक्रवारी गुडघ्यांवर असतात. कुणी अन्य भाषेत, म्हणजे न शिकलेल्या, आत्म्यानं तोंडी आलेल्या शब्दांत प्रार्थना करतं, कुणाला दर्शन होतं, कुणी आजाऱ्यावर हात ठेवतं. मला यातलं काही खोटं वाटत नाही.

पण मध्यंतरी एका शुक्रवारी बाहेरगावाहून आलेल्या एका सेवकांनी (प्रचारकांनी) आमच्यातल्या एका बहिणीला नाव घेऊन उभं केलं. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. सगळ्यांसमोर तिला सांगितलं, “तुमच्या घरात लपवलेलं पाप आहे. ते कबूल करेपर्यंत कूस उघडणार नाही, असं प्रभू म्हणतो.” वर हालेलुयाचा गजर. ती पदर तोंडाला लावून तशीच उभी. नवरा उठला आणि चपला न घालताच फाटकाबाहेर गेला. त्यानंतर दोघं रविवारीही आलेली नाहीत. रविवारच्या शाळेतला सगळ्यात लहान वर्ग तीच घ्यायची. मुलं दर आठवड्याला विचारतात, टीचर कुठे?

आता मंडळीत दोन तट पडलेत. एक म्हणतो शुक्रवार बंद करा. दुसरा म्हणतो आत्म्याला विझवू नका. आणि दोघंही एकमेकांना १ करिंथचा, म्हणजे पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, तेरावा अध्याय वाचून दाखवतात, प्रीतीचा!

आणखी एक सलतं. असे देवाचे म्हणून संदेश देणारे पुढच्या रांगेत बसतात. ज्या बायका उपास सोडायला सगळ्यांची खिचडी रांधतात, त्या चार वाजल्यापासून मागच्या पडवीत चुलीशी. त्यांना प्रार्थनेत येऊन बसायलाही मिळत नाही आणि त्यांच्याकडे कुठलं कृपादान (आत्म्यानं दिलेली देणगी) आहे हे कुणी कधी विचारत नाही.

तुमच्याकडे हे कसं चालतं? वाद जिंकायला विचारत नाही. करायचं काय, ते सांगा.

हळदपेठ

ताई, त्या बायकांकडे कुठलं दान आहे ते संध्याकाळी सहाच्या पंगतीत साऱ्या मंडळीला कळत असणार. :)

त्या बहिणीचं वाचून मात्र पोटात कालवलं. तिला जाऊन भेटलं का कुणी?

वाईकर

आमच्याकडे असा प्रकार झाला तेव्हा वडील मंडळानं (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी) स्पष्ट ठरवलं: उपासनेत अन्य भाषा नाही, दर्शन नाही, वैयक्तिक संदेश नाही. वचन वाचा, उपदेश ऐका, प्रार्थना करा, घरी जा. पौलानं चौदाव्या अध्यायाच्या शेवटी सांगितलंय, सगळं शिस्तीनं आणि व्यवस्थित होऊ द्या.

आणि तेराव्या अध्यायातच आहे की भाषा बंद पडतील, संदेश रद्द होतील, प्रीती कधी अंतर देत नाही. प्रेषितांच्या काळात त्या दानांची गरज होती, तेव्हा नवा करार लिहून झालेला नव्हता. आता वचन हातात आहे. जे उरणारं आहे ते धरावं.

द्राक्षवेल (तासगाव)

वाईकर काका, आदर राखून बोलतो. तुम्ही शेवटची ओवी वाचली, तिच्या आधीची सोडली. ‘अन्य भाषेत बोलण्यास मनाई करू नका’ हे त्याच परिच्छेदात, एक ओळ वर आहे.

आणि भाषा बंद पडतील तिथेच ‘विद्या रद्द होईल’ असंही आहे. विद्या संपली का? पुढे पौल म्हणतो, आता आपल्याला आरशात अंधुक दिसतं, मग समोरासमोर पाहू. तो दिवस अजून यायचाय. तोवर प्रीतीही लागणार आणि दानंही लागणार.

माझे वडील रोज पिऊन यायचे. आई बेदाण्याच्या शेडवर कामाला, घरात रोज भांडण. आम्ही ज्या मंडळीत वाढलो तिथली माणसं चांगली होती, पण आमच्या घराची पायरी कुणी चढलं नाही. चढली ती फेलोशिपची, म्हणजे प्रार्थना-गटाची माणसं. रात्री येऊन बसायची, वडिलांवर हात ठेवून रडायची, हो, अन्य भाषेत प्रार्थना करायची. वडील सुटले. त्या आवाजाला तुम्ही गोंगाट म्हणता, मी त्यात माझ्या घराची सुटका ऐकली. म्हणून ‘बंद करा’ म्हटलं की मला राग येतो.

वाईकर

तुझ्या वडिलांचं ऐकून मनापासून आनंद झाला, बेटा. देवाचे आभार. पण तूच लिहिलंस बघ, ती माणसं ‘रात्री येऊन बसायची’. माझ्या मते वडील त्यानं सुटले.

द्राक्षवेल (तासगाव)

काका, नुसती बसली असती तरी सुटले नसते. दोन्ही होतं.

निवृत्त_सिस्टर (मिरज)

माझं उभं आयुष्य वॉर्डात गेलं, म्हणून तिथलंच सांगते.

आमच्या मिरजेचा मिशन दवाखाना १८९४ चा. डॉ. वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, पुढे मिरजेत येऊन त्यांनी तो उभा केला. वानलेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं, कुष्ठरोग्यांसाठी वेगळी व्यवस्था होती. ज्यांना घरचे लोक शिवत नव्हते त्यांच्या जखमा इथे रोज धुतल्या गेल्या. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायची हे मी नर्सिंगला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकले. हात निर्जंतुक करायचे, डोळे मिटायचे, मग चाकू. प्रार्थना केली म्हणून कुणी हात धुवायचे सोडले नाहीत आणि हात धुतले म्हणून कुणी प्रार्थना सोडली नाही.

बाराव्या अध्यायात ‘निरोगी करण्याची कृपादाने’ असं अनेकवचन आहे. देव किती वाटांनी बरं करतो, हे मला त्या अनेकवचनात दिसतं. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. ते मी मानते, केलंयही. पण एका आरोग्य-सभेनंतर एक तरुण बाई आमच्याकडे आली ती अगदी शेवटच्या अवस्थेत. क्षयाच्या गोळ्या निदान सहा महिने घ्याव्या लागतात. हिला व्यासपीठावरून सांगितलं होतं की तू बरी झालीस, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. तिनं पिशवीच नदीत टाकली. रक्ताच्या गुळण्या होत होत्या आणि ती मला विचारत होती, “सिस्टर, माझा विश्वास कमी पडला का हो?”

तिच्याजवळ रात्रभर बसली ती वॉर्डची आया. शाळा न शिकलेली. तिनं त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्यानं ओठ पुसत राहिली आणि दर थोड्या वेळानं म्हणायची, “देव तुज्यावर रागावल्याला न्हाई, बाई. न्हाई रागावल्याला.” मी आयुष्यात बरेच संदेश ऐकले. इतका खरा दुसरा ऐकलेला नाही.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात दानांची आणखी एक यादी आहे. त्यात संदेश आहे, शिक्षण आहे, आणि शेवटी ‘दया करणारा’ आहे, त्यानं ती हसतमुखानं करावी. ही आया त्या यादीत आहे. तुमच्या पडवीतल्या बायकाही आहेत. करिंथच्या यादीतही ‘साहाय्य करणे’ आणि ‘व्यवस्था पाहणे’ आहेच, भाषांच्या आधी! आपण वाचताना तिथं घाई करतो.

मिरज_जंक्शन

सिस्टर, वाचता वाचता थांबावं लागलं. त्या बाईचं पुढे काय झालं?

निवृत्त_सिस्टर (मिरज)

गेली. शेवटी शांत होती. आया तिच्या मुलाला नंतर बरीच वर्षं शाळेची वह्या-पुस्तकं घेऊन द्यायची.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

दोन गोष्टी आपल्याच इतिहासातल्या, कारण हा वाद आपल्याकडे नवा नाही.

पहिली, पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन. १९०५ साली तिथे संजीवन (आत्मिक जागृती) झालं. मुली तासन्‌तास प्रार्थनेत, रडणं, पापांची कबुली, पुढे अन्य भाषाही. अमेरिकेतलं अझूझा स्ट्रीटचं प्रसिद्ध संजीवन १९०६ चं, म्हणजे मुक्तीच्या नंतरचं. तेव्हा ‘हे सगळं अलीकडे परदेशातून आलं’ असं म्हणणाऱ्यांनी जरा केडगावकडे बघावं. पण ज्या मुलींवर हा पवित्र आत्मा उतरला त्या तिथे आल्या कशा? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली-विधवांना घेऊन आल्या. उवा, खरूज, हाडांचे सापळे. त्यांना आंघोळी घातल्या, जेवू घातलं, विणकाम, छपाई, शेती शिकवली. संजीवनाच्या आधी अशी कित्येक वर्षं पोटभर भाकरी होती. संजीवनानंतरही रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला बसल्या आणि १९२२ मध्ये मरेपर्यंत त्या कामाला होत्या. ते छापलं मुक्तीतल्याच बायकांनी. तिथे आत्म्याची दानं आणि चुलीवरची भाकरी एकाच आवारात नांदली.

दुसरी आमच्या साताऱ्याची. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये इथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र, बंधुभावानं. माणूस केवढ्या दानांचा! कवी, कीर्तनकार, वक्ता. मिशनची नोकरी आणि तिचं मानधन सोडून ते या कामात पडले. १९१९ मध्ये गेले, फार वेळ मिळाला नाही. पण शेवटच्या वर्षांत त्यांना मोठी सभा भरवण्यापेक्षा माणसं एका अंगणात बसवणं महत्त्वाचं वाटलं, हे मला फार बोलकं वाटतं.

पंढरीची_वाट (कराड)

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. धागा वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. चुकत असेल तर सांगा.

आमच्याकडे चांगदेवाची गोष्ट आहे. चौदाशे वर्षांचा योगी, सिद्धी पायाशी, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांना भेटायला निघाला. त्याआधी पत्र पाठवायचं होतं, तर मायना काय लिहावा हे सुचेना. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठा म्हणून नमस्कार? शेवटी कोरा कागद धाडला. मुक्ताबाई म्हणाली, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी मात्र त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, आणि ते प्रेमानं लिहिलं. सिद्धी असणं आणि समोरच्याशी कसं बोलावं हे न कळणं, दोन्ही एकाच माणसात असू शकतं. तुमच्या त्या सेवकांचं वाचून हेच आठवलं.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

@पंढरीची_वाट, चुकलं काही नाही, उलट या धाग्यात तुमची जागा आहेच. टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो.

तंबोऱ्याची_गल्ली (मिरज)

वाद्यांच्या धंद्यातला माणूस, म्हणून फक्त झांजेबद्दल.

प्रीती नसेल तर मी वाजणारी थाळी, झणझणणारी झांज, असं पौल लिहितो ते करिंथकरांना. करिंथ शहर कांस्याच्या कामासाठी साऱ्या रोमी जगात नावाजलेलं होतं. त्या गावात हे पत्र मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा ऐकणाऱ्यांत कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी बाप त्या भट्टीवर असणार. त्यांना बरोबर कळलं असणार की हा आपल्या गल्लीतलं बोलतोय. गावातल्या देवळांची, उत्सवांची झांज त्यांच्या रोज कानावर पडत होती.

आणि ते पत्र कुठल्या भांडणात लिहिलंय ते बघा. पहिल्याच अध्यायात तट आहेत: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. सहाव्यात एकमेकांवर कोर्टकचेऱ्या. अकराव्यात प्रभुभोजनाला एक उपाशी आणि एक पिऊन तर्र. आणि याच मंडळीला पौल सुरुवातीलाच म्हणतो की तुम्ही कुठल्याच कृपादानात उणे नाही! दानं भरपूर आणि शेजारी उपाशी. तेरावा अध्याय त्या पंगतीतल्या उपाशी माणसासाठी आहे.

हळदपेठ

आणि आपण तो लग्नात वाचतो, नवरा-नवरीला. माझ्या लग्नातही वाचला. फ्रेम करून भिंतीवर लावलाय. शेजारच्या बाराव्या आणि चौदाव्या अध्यायाची फ्रेम कुणी करत नाही.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले, ओव्यांचे त्याहून नंतर, सोळाव्या शतकात. करिंथकरांनी सलग ऐकलं: शरीराचे अवयव, मग प्रीती, मग लगेच ‘प्रीतीच्या मागे लागा आणि आत्मिक दानांची उत्कंठा बाळगा’. मध्ये विरामही नाही. म्हणून ‘दानं मोठी की प्रीती’ असा सामना पौलानं लावलेलाच नाही. त्याला दानं हवीच आहेत, फक्त ती कुणाच्या तरी उपयोगी पडायला हवीत.

मिरज_जंक्शन

थोडं विषयांतर. आमच्या फेलोशिपमध्ये ड्रमसेट आणि कीबोर्ड आल्यापासून जुन्या काकवांना शब्दच ऐकू येत नाहीत. त्या तबला-पेटीवरच्या अभंगाच्या चालींत वाढलेल्या. वादकाला सांगितलं तर म्हणतो हे माझं दान आहे, मी रोखू शकत नाही.

तंबोऱ्याची_गल्ली (मिरज)

साथीला बसणाऱ्याला गाणाऱ्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, हा पहिला धडा. तुमच्या वादकाला माझ्याकडे पाठवा, चहा पाजतो आणि समजावतो.

विश्रामबागकर

२०१९ च्या ऑगस्टचं सांगतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी, सगळं पाण्यात. आमचा हॉल उंचावर, म्हणून माणसं आली. सगळ्या जातीधर्मांची. अंगावरच्या कपड्यांनिशी. एक आजी तर फक्त देवघरातला टाक हातात घेऊन आलेल्या.

आमच्यात एक बंधू आहेत. शुक्रवारी सगळ्यात मोठ्या आवाजात अन्य भाषेत प्रार्थना करणारे. मला खरं सांगायचं तर त्यांचा त्रास व्हायचा, शेजारी बसणं टाळायचो. पुराच्या त्या दिवसांत हॉलचे दोनच संडास, माणसं एवढी, आणि नळाला पाणी नाही. पहाटे उठून पाहिलं तर हे बंधू लुंगी गुडघ्यावर खोचून, फिनेलची बाटली आणि खराटा घेऊन संडास धूत होते. पाणी मागच्या विहिरीचं, बादल्या वरपर्यंत भरून स्वतः आणलेलं. तोंडानं हळू आवाजात प्रार्थना चालू, त्याच भाषेत. रोज पहाटे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला त्यांनी सांगितलं नाही. टाक घेऊन आलेल्या आजी त्यांना ‘दादा’ म्हणायला लागल्या, आणि अजून दिवाळीला त्यांच्या घरी फराळ पाठवतात.

म्हणून द्राक्षवेल म्हणतो ते मला पटतं. मोठ्यानं प्रार्थना करणारे सगळे सारखे नसतात. ज्यानं त्या बहिणीला उभं केलं तो वेगळा आणि हा वेगळा. नियम करताना दोघांना एकाच मापानं मोजू नका.

वाईकर

विश्रामबागकर, या माणसासमोर मी हात जोडतो. पण मंडळीला नियम लागतो तो असल्या माणसासाठी नसतोच. दुसऱ्यासाठी असतो. त्या बहिणीला नियमानं वाचवलं असतं.

पाळकीणबाई (सातारा जिल्हा)

उशिरा आले, सगळं वाचलं. आमचे साहेब पाळक, बऱ्याच मंडळ्यांत बदलून गेले, त्यामुळे दोन्ही प्रकार पाहिलेत. दान दाबून टाकलेली मंडळी पाहिली, तिथे रविवारी नुसती हजेरी लागते. मोकाट सोडलेली पाहिली, तिथे दर वर्षी माणसं जखमी होऊन जातात.

आधी त्या संदेशाबद्दल, कारण तो वचनाच्या कसोटीला उतरत नाही आणि हे त्या बहिणीपर्यंत पोहोचायला हवं. लूकच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या आणि अलीशिबा दोघंही देवासमोर नीतिमान, निर्दोष चालणारी, असं लिहिलंय. आणि लगेच पुढच्या ओळीत, त्यांना मूल नव्हतं. पवित्र आत्म्यानं मुद्दाम ही दोन वाक्यं शेजारी ठेवली आहेत. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? प्रभू म्हणाला, कोणाचंच नाही. आणि हन्ना! ती मंदिरात मुलासाठी रडत होती तेव्हा एली याजकाला ती प्यालेली वाटली. याजकाची नजर चुकते हे शास्त्रातच आहे. पण एलीनं निदान तिचं उत्तर ऐकून घेतलं आणि तिला शांतीनं पाठवलं.

चौदाव्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत पौल सांगतो संदेश कशासाठी: उन्नती, उत्तेजन आणि सांत्वन. ज्या संदेशानं बाई पदर तोंडाला लावून उभी राहते आणि नवरा अनवाणी निघून जातो, त्यात या तिघांपैकी काय होतं? मग तो कितीही जोरात ‘प्रभू म्हणतो’ म्हणून सांगितलेला असो.

आता करायचं काय. पौल स्वतःच सोप्या गोष्टी सांगतो. अन्य भाषेत दोघं, फार तर तिघं, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा हवा. तो नसेल तर मनातल्या मनात देवाशी बोला. संदेश दोघा-तिघांनी द्यावा आणि बाकीच्यांनी तो पारखावा. हे पारखणंच आपण सोडून दिलंय. आमच्याकडे मूल, लग्न, आजार, घरातलं भांडण, पैसा यांबद्दलचा कुठलाही संदेश सभेत बोलायचा नाही. मनात आलंच तर आधी पाळक आणि एका वडील बाईला सांगायचं. त्यांनी प्रार्थना करून ठरवायचं की ते त्या माणसापर्यंत न्यायचं का, आणि न्यायचं तर कोणी, कुठल्या शब्दांत. बाहेरच्या सेवकालाही हे बोलावतानाच सांगायचं. औषध बंद करायला कुणी, कधीही सांगायचं नाही.

एक सांगते, हे सुरू केल्यावर संदेश कमी झाले नाहीत. नरम झाले. “प्रभू तुला विसरला नाही” असे येऊ लागले.

द्राक्षवेल (तासगाव)

पाळकीणबाई, पुष्कळ पटलं. एक अडचण मांडतो. आधी सांगा, मग परवानगी घ्या, अशी चौकट केली की हळूहळू कमिटीच्या मर्जीतलीच माणसं बोलणार. माझ्यासारख्या कालच्या पोराला कोण बोलू देईल? आत्मा तर शिपायालाही मिळतो आणि साहेबालाही.

पाळकीणबाई (सातारा जिल्हा)

बाळा, तुझी शंका खरी आहे, असं होताना मी पाहिलंय. म्हणून पारखणाऱ्यांत एक तरुण हवाच आणि पडवीतली एक बाई हवीच. कमिटीवर सोडलंत तर तू म्हणतोस तेच होणार.

निवृत्त_सिस्टर (मिरज)

पडवीतली बाई हवीच याला माझं अनुमोदन. तिच्यासमोर माणसं खोटं कमी बोलतात.

दुर्कसची_सुई (इस्लामपूर)

मी शिवणकाम करते. प्रार्थना मोठ्यानं जमत नाही, चारचौघांत घसा दाटतो. बरीच वर्षं वाटायचं आपल्याला आत्म्यानं काही दिलंच नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या नवव्या अध्यायात दुर्कस मेली तेव्हा विधवा रडत पेत्राला तिनं शिवलेले कपडे दाखवत होत्या, हे एका उपदेशात नीट समजावून सांगितलं गेलं, आणि मी हलकी झाले. एवढंच सांगायचं होतं.

हळदपेठ

दुर्कसताई, एवढंच नाही हो. खूप आहे.

कृष्णाकाठ ताई, माझा पहिला प्रश्न अजून तसाच आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचं वाचलं. प्रिंट काढून आमच्या पाळकसाहेबांना दिलं. बऱ्याच गोष्टी ठरल्या, सांगते.

हळदपेठ, हो, भेटलो. मी आणि पडवीतल्या दोघी. दार तिनंच उघडलं. बसलो. सासूबाईंनी चहा टाकला. आम्ही त्या शुक्रवाराबद्दल एकच बोललो, की ते प्रभूचं बोलणं होतं असं आम्ही मानत नाही आणि सभेत तेव्हाच कुणीतरी हे म्हणायला हवं होतं. मग पाळकीणबाईंनी लिहिलेल्या लूकच्या त्या दोन ओळी वाचल्या. तिनं पुस्तक स्वतःकडे घेऊन पुन्हा वाचल्या. नवरा आतल्या खोलीतून बाहेर आला, बोलला नाही, पण बसला. निघताना तिनं विचारलं, पोरांची नाताळची गाणी कुणी बसवतंय का? मी म्हटलं, कुणी नाही. ती ‘बरं’ म्हणाली. पुढचं ती ठरवेल, आम्ही रेटा लावणार नाही. पुन्हा भेटायला जायचं की नाही हेही तीच सांगेल.

शुक्रवार बंद नाही. पाळकीणबाईंचा नियम जसाच्या तसा घेतला. पारखायला चौघं: पाळकसाहेब, एक वडील, युवक संघातली एक मुलगी, आणि पडवीतल्या आमच्या आक्का. आक्का आधी नको म्हणाल्या, मला वाचता येत नाही म्हणून. साहेब म्हणाले, माणसं वाचता येतात ना, पुरे. खिचडी आता आळीपाळीनं, पुरुषांसकट. पहिली पाळी वडील मंडळाची आहे.

त्या सेवकांना साहेबांनी पत्र लिहिलंय, सविस्तर. उत्तर यायचंय.

दोन कुटुंबं मात्र यावर नाराज होऊन दुसरीकडे जायला लागलीत. त्यांच्याशी बोलणं चालू ठेवायचं ठरलंय.

वाईकर

वडील मंडळाच्या हातची खिचडी म्हणजे त्या दिवशी उपास लांबणार. :) चांगलं केलंत. मी अजूनही सभेत भाषा नको याच मताचा आहे, पण तुमच्या आक्कांच्या हाती पारख असेल तर एखाद्या शुक्रवारी येऊन मागे बसेन.

द्राक्षवेल (तासगाव)

काका, तासगावहून मी येतो, सांगलीत बसस्टँडवर भेटू. एकत्र जाऊ.

ताई, तुमच्या बुधवारच्या प्रार्थनेत करिंथचा अभ्यास लावताय का? बाराव्या अध्यायापासून घ्या, तेराव्यापासून नको.

कृष्णाकाठ (सांगली)

पुढच्या बुधवारपासून, आमच्याच घरी, बारावा अध्याय. संध्याकाळी सात. दोघंही या. गिटार आणलीस तरी चालेल, फक्त हळू वाजव, भिंतीपलीकडे बारावीची मुलगी अभ्यासाला बसते.